शाळेत नाच शिकवायचा कसा? ज्यांना स्वतःला नाचता येत नाही अशा शिक्षकांसाठीसुद्धा

डिसेंबर जवळ आला की शाळाशाळांतून गॅदरिंगची गाणी ठरतात, कुणीतरी ताई नाहीतर बाहेरचा कोरिओग्राफर येतो, पंधरा दिवसांत डान्स बसवला जातो, पुढच्या रांगेत चार छान नाचणाऱ्या मुली, मागे बाकीचे आणि उरलेला अर्धा वर्ग खुर्च्या मांडायला. मग पुढच्या डिसेंबरपर्यंत काही नाही. गॅदरिंगबद्दल माझी तक्रार नाहीये, मुलांना मजा येते आणि यायलाच पाहिजे. पण चित्रकलेच्या तासाला मूल निदान स्वतःचं चित्र स्वतः काढतं, नाचात मात्र त्याला दुसऱ्याने ठरवलेल्या स्टेप्स पाठ करण्यापलीकडे काहीच करायला मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नाच कला म्हणून शिकवायचा तर मुलांनी तीन गोष्टी करायला हव्यात: नाचणं, स्वतः रचणं आणि दुसऱ्याचा नाच नीट बघणं. शाळेत पहिली थोडीफार होते, उरलेल्या दोन होतच नाहीत, आणि गंमत म्हणजे या दोन गोष्टी शिकवायला शिक्षकाला उत्तम नाचता यावंच लागतं असं नाही.

खाली जे लिहितेय ते साधारण तिसरी ते आठवीच्या वर्गासाठी, चाळीस-पन्नास मुलं, एक खोली, जमलं तर मैदान, आणि ३५ मिनिटांची तासिका एवढं धरून. पहिली-दुसरीला हेच खेळासारखं घ्या, नववी-दहावीला जास्त खोलात जाता येतं.

आधी तास मिळवा

मुख्याध्यापकांकडे जाताना "मुलांना डान्स शिकवू का" असं विचारलंत तर उत्तर येईल "गॅदरिंगला बघू". त्यापेक्षा सरळ सांगा की २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच दहावीपर्यंत कलाशिक्षण सगळ्यांना असावं असं म्हटलंय आणि त्यात चित्र, संगीत, नृत्य, नाट्य असे चारही प्रकार धरलेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलेला अभ्यासाच्या बाहेरची गोष्ट मानू नका असंच सांगितलंय. आपल्याकडे वेळापत्रकात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाच्या तासिका असतातच, त्यातली आठवड्याला एक मागा. एक पुरते, पण ती दर आठवड्याला झाली पाहिजे, गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला घेतली असं होता कामा नये.

वेळ मागताना एक बघा, खिचडी खाल्ल्यावर लगेचची तासिका घेऊ नका. सकाळची किंवा मधल्या सुट्टीच्या आधीची बरी.

जागा आणि सामान

बाकं भिंतीला सरकवली की मधे बऱ्यापैकी जागा होते, पहिल्यांदा पंधरा मिनिटं जातात, आणि मुलांनाच गट पाडून हे काम दिलं की महिन्याभरात तीन मिनिटांत होतं. फरशी ओली नको, चप्पल-बूट बाहेर, नुसते मोजे घालून तर अजिबात नको कारण घसरतात. कोबा किंवा शहाबादी फरशी कडक असते, त्यावर उड्यांचे प्रकार कमी घ्या आणि जी उडी घ्याल ती गुडघे वाकवून, आवाज न करता टेकायची असं आधीच शिकवा. "मांजरासारखं उतरा" म्हटलं की लहान मुलांना पटकन कळतं.

सामान म्हणाल तर एक हलगी किंवा डफ, नाहीतर पत्र्याचा डबा आणि लाकडी पट्टी, मंजिऱ्या (छोटे टाळ) मिळाल्या तर उत्तम. ब्लूटूथ स्पीकर असेल तर ठेवा पण पहिले काही आठवडे बंदच ठेवा हा माझा ठाम आग्रह आहे. गाणं लावलं की मुलं त्या गाण्याच्या माहितीच्या स्टेप्सच करतात, नुसत्या ठेक्यावर ती स्वतःचं काहीतरी शोधतात.

पहिले दोन-तीन आठवडे: लाज घालवायची आणि नियम बसवायचे

सगळ्यात आधी थांबायला शिकवा. ठेका चालू असताना खोलीभर चालायचं, कुणाला धक्का न लावता, मोकळ्या जागेकडे जायचं, ठेका थांबला की पुतळा. हा खेळ सगळ्यांना येतो, त्यातच थोडं थोडं वाढवायचं: पुतळा एका पायावर, पुतळा जमिनीच्या जवळ, पुतळा ज्याचे हात कोपरात वाकलेत, दोघांचा मिळून पुतळा. यातून मुलांना न सांगता जागा, उंचीच्या पातळ्या आणि शरीराचा आकार या तिन्ही गोष्टी कळायला लागतात आणि कुणी "मला नाच येत नाही" म्हणत नाही कारण नाच हा शब्दच आपण अजून काढलेला नसतो.

नियम कमीच ठेवा. दुसऱ्याच्या हालचालीला हसायचं नाही. ठेका थांबला की तोंड पण थांबतं. कुणाला हात लावायचा तर आधी विचारायचं, आणि हा शेवटचा नियम शिक्षकालाही लागू. मुलाचा हात किंवा पाठ सरळ करायची असेल तर लांबून दाखवा, लागलंच तर "हात धरू का" विचारा. मोठ्या मुलींच्या बाबतीत तर हे जपाच, आणि पाळीच्या दिवसात कुणाला बसायचं असेल तर कारण न विचारता बसू द्या, बघण्याचं काम द्या, ते पण शिकणंच आहे.

मुलगे मागे राहतात ही तक्रार बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. त्यावर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सुरुवात लेझीमपासून करणं. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात महाराष्ट्रातली लेझीम झाली होती हे सांगा, मुलांची छाती फुगते. लेझीम आपल्याकडे पीटीच्या तासाला शिट्टीवर करतात, चार आवाज, पवित्रा वगैरे, ती तशीच शिकवा, पण मग विचारा की हाच हात हळू केला तर कसा दिसेल, बसून केला तर, अर्ध्यांनी उलट बाजूला केला तर. कवायतीतून नाचाकडे तिथेच वळता येतं.

लय अंगात उतरवणं

याला घाई करू नका, दोन महिने लागले तरी चालतील. केरवा या तालापासून सुरुवात करा, आठ मात्रा म्हणजे आठ ठोके, "धा गे ना ती न क धी ना" तोंडाने म्हणायचं, एकला टाळी, पाचला हात उघडायचा म्हणजे खाली. आधी बसून, मग उभं राहून पाय आपटत, मग चालत. तो बसला की दादरा, सहा मात्रा, "धा धी ना धा ती ना", एकला टाळी, चारला खाली. दोन्हींवर चालून बघितलं की मुलांना फरक आपोआप कळतो, केरव्यात पाय सरळ पडतात आणि दादऱ्यात अंग झोके घ्यायला लागतं. ते त्यांच्या तोंडून येऊ द्या, आपण आधी सांगायचं नाही.

पाचवीच्या पुढे तिहाई घ्याच. कथकमधली गोष्ट आहे, एकच तुकडा तीनदा करून बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं. सोपी अशी: चार पावलं आणि पाचव्या मात्रेला टाळी, मग एक मात्रा गप्प. परत चार पावलं, टाळी, एक मात्रा गप्प. परत चार पावलं आणि टाळी. मोजा, पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा. तीनतालाच्या सोळा मात्रा, त्यामुळे समेपासून सुरू केलं की सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम आणि शेवटची टाळी तिथे बरोब्बर पडते. केरव्याची दोन आवर्तनं घेतली तरी सोळाच होतात. अर्धा वर्ग ताल धरून ठेवेल आणि अर्धा वर्ग तिहाई करेल, आणि जेव्हा सगळ्यांची टाळी एकदम समेवर पडते ना तेव्हा वर्गात जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. मग गृहपाठ द्या, आठ मात्रांत किंवा दादऱ्यात बसणारी स्वतःची तिहाई शोधून आणा. गणितवाले सर पण खूश होतील.

हालचालीचा पोत

नुसत्या स्टेप्स आणि कला यात फरक कुठे पडतो तर तो इथे. हात वर नेला हे एक झालं, पण तो कसा नेला, जड की हलका, झटकन की सावकाश, सरळ की वळसे घेत, यावर सगळं बदलतं. रुडॉल्फ लाबान नावाचा ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेला एक मोठा नृत्यविचारवंत होऊन गेला (१८७९–१९५८), जर्मनी सोडून तो १९३८ मध्ये इंग्लंडला आला आणि तिथल्या शाळांमधल्या नाचाच्या शिक्षणावर त्याच्या विचारांचा खूप परिणाम झाला. त्याने याच तीन गोष्टींच्या जुळणीतून आठ मूळ क्रिया मांडल्या. आपल्या भाषेत घ्यायच्या तर ठोसा मारणं, ढकलणं, पिळणं, कोयता सपकन फिरवणं, टिकली लावल्यासारखं अलगद टिपणं, ओले हात झटकणं, इस्त्रीसारखं सरकणं आणि कापसाच्या म्हातारीसारखं तरंगणं.

एका तासिकेला दोनच घ्या, एकमेकींहून अगदी वेगळ्या. पिळणं आणि झटकणं ही जोडी मला फार आवडते. मुलांना म्हणायचं गोधडी पिळा. पहिल्यांदा फक्त मनगटं फिरतात. मग विचारायचं, पाण्याने भिजलेली गोधडी नुसत्या मनगटाने पिळली जाते का? मग खांदे येतात, मग कंबर वळते, काही मुलं गुडघ्यात वाकून अख्खं अंग पिळतात, चेहरासुद्धा. आता गोधडी काढून टाका, नुसतं अंग पिळा, पायापासून डोक्यापर्यंत, आठ मात्रांत. मग एकदम झटका, हलकं, बोटांच्या टोकातून. बस, हा झाला नाच, आणि कुणी कुणाची कॉपी केलेली नाही.

नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चार प्रकार, आंगिक (अंगाचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (मनातल्या भावाचा), हे सातवी-आठवीला सांगायला हरकत नाही पण पाठ करून घेऊ नका. आधी करायचं, मग नाव सांगायचं. राग आलेला चेहरा करून दाखव म्हटलं की सगळे एकसारखे डोळे वटारतात, त्यापेक्षा दप्तर फेकणारा पाठमोरा मुलगा पाठीतूनच रागावलेला दिसू शकतो का हे करायला सांगा, खरा अभिनय तिथे सापडतो.

आपल्या भागातला नाच आणा, पण माणसासकट

लोकनृत्य म्हटलं की ऑनलाइन व्हिडिओ लावून स्टेप्स घ्यायच्या आणि भाड्याचे ड्रेस चढवायचे हे आता बंद करायला हवं असं मला मनापासून वाटतं. तारप्याचंच घ्या. पालघर जिल्ह्यात डहाणू, जव्हारच्या पाड्यांवर भाताची कापणी झाल्यावर तारपा वाजतो, सुकवलेल्या दुधीचं आणि बांबूचं वाद्य, वाजवणारा मधे आणि बाकी सगळे एकमेकांना धरून त्याच्याभोवती गोल फिरतात, त्याच्याकडे पाठ करायची नसते, त्याने सूर बदलला की पावलं बदलतात. म्हणजे नाचणाऱ्यांचे कान सतत त्याच्याकडे लागलेले असतात. हे सोडून नुसता गोल करून कमरेला पानं बांधून कॅसेटवर फिरलं तर तारप्याचं मर्मच गेलं. तुमच्या जवळ पाडा असेल तर तारपा वाजवणाऱ्या काकांना बोलवा, प्रवासखर्च आणि मानधन द्या, सत्कार शाल-नारळावर भागवू नका, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या. मुलांनी त्यांना प्रश्न विचारायचे: कुणाकडून शिकलात, कुठे वाजवता, कधी वाजवत नाही. वर्गातलंच एखादं मूल त्या समाजाचं असेल तर त्याला "तू करून दाखव" म्हणून पुढे ढकलू नका, त्याला वाटलं तर ते येईल.

सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडे धनगरी ढोल आणि गजीनृत्य, कोकणात जाखडी, मुंबईच्या आसपास कोळीवाड्यातला नाच, गोव्यात धालो. धालो पौषात मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात होतो, बायका समोरासमोर दोन रांगा करतात आणि गाणं सवाल-जबाबासारखं चालतं, ही रचना वर्गात फार छान वापरता येते. मंगळागौरीच्या खेळांसाठी तर कुणाच्या ना कुणाच्या आजी मिळतीलच. फुगडी शिकवताना मात्र पायाची बोटं एकमेकांजवळ, हात फुलीसारखे घट्ट धरलेले आणि अंग मागे, दोघी साधारण एकाच वजनाच्या, आणि थांबताना हळूहळू, एकदम हात सोडायचे नाहीत.

लावणीबद्दल लोक विचारतात. लावणी मोठी कला आहे, अदाकारी, शब्द, ढोलकी सगळंच. सहावी-सातवीच्या मुलींना नऊवारी नेसवून डोळे मारायला लावायचे याला मी लावणी शिकवणं म्हणत नाही. नववी-दहावीला ढोलकीची लय, गाणारीचा आणि नाचणारीचा संबंध, तमाशातल्या कलावंतांचं आयुष्य हे समजून घेत करा, नाहीतर करू नका.

गोफ: एक अख्खा महिना द्यावा असा नाच

याच्यावर मी जरा जास्तच लिहिणार कारण एका प्रकारात लय, जागा, गणित, एकमेकांवर विसंबणं सगळं येतं. गोफ महाराष्ट्रात आहे, गोव्यात शिमग्यात होतो. वर एका कडीला रंगीत दोऱ्या बांधतात, प्रत्येकाच्या हातात एक, आणि नाचता नाचता त्यांची वेणी विणली जाते, मग उलटं नाचून ती सोडवायची.

सुरुवात आठ मुलांनी करा, संख्या सम पाहिजे. सुती ओढण्या किंवा जाड नाडीचे दोन रंग, चार-चार, वर खांबाच्या आडव्या दांडीला पक्क्या बांधून, उंची साधारण अडीच-तीन मीटर, दोरीची लांबी त्याहून जास्त. गोलात उभं करून आकडे द्या, एक ते आठ. विषम मुलं उजवीकडे तोंड करतील, सम मुलं डावीकडे, म्हणजे जोड्या समोरासमोर येतात. विषम मुलं पहिल्याला बाहेरून ओलांडतील, पुढच्याला आतून, परत बाहेरून. सम मुलांचं बरोबर उलटं, पहिल्याला आतून मग बाहेरून. जो बाहेरून जातो त्याची दोरी वर, आतल्याने वाकून खालून जायचं. आधी दोऱ्यांशिवाय, नुसतं तोंडाने "बाहेर, आत, बाहेर, आत" म्हणत चाला, प्रत्येक ओलांडणीला केरव्याच्या चार मात्रा. हे डोळे मिटून म्हणता येईल इतकं झालं की मगच दोऱ्या द्या.

सोडवताना सगळे जागेवर मागे वळतात आणि ज्याला शेवटी ओलांडलं त्यालाच पहिल्यांदा, आणि ज्या बाजूने गेलो होतो त्याच बाजूने परत. इथे नेमकी गडबड होते, एक जण चुकला की दोरी अडकते आणि लगेच दिसतं. ओरडू नका. थांबवा, सगळ्यांनी वर बघायचं आणि गाठ कुठे पडली, कुणी काय केलं तर सुटेल हे मुलांनीच शोधायचं. उरलेला वर्ग बाहेर बसून ताल धरतो, गाणं म्हणतो आणि वेणीतली नक्षी वहीत काढतो. सहा मुलांनी केलं तर नक्षी कशी, दोनऐवजी चार रंग घेतले तर कशी, हा पुढच्या आठवड्याचा प्रयोग.

मुलांनी रचायचं

आता तीन-चार जणांचे गट. विषय त्यांच्या आयुष्यातला द्या: भात लावणी, एसटी पकडणं, आठवडी बाजार, पावसाआधीचा अर्धा तास. प्रत्येक गटाने त्यातल्या तीनच हालचाली निवडायच्या. मग रचनेची हत्यारं एकेक करून द्या: तीच हालचाल परत करा, मोठी करा, खाली बसून करा, एकामागून एक सुरू करा, मधे पूर्ण थांबा. सुरुवातीचा आणि शेवटचा पुतळा ठरलेला हवा. सोळा ते बत्तीस मात्रा बास, मोठं करू दिलंत की पसरट होतं.

मुलं रीलमधल्या स्टेप्स आणणारच, आणू द्या, मनाई केली की रुसतात. फक्त अट घाला की आणलेली स्टेप तीन प्रकारे बदलायची. शेवटी मूळ स्टेप ओळखूच येत नाही इतकी ती त्यांची होते.

दिव्यांग मुलांसाठी वेगळा कोपरा करू नका. व्हीलचेअरवरचं मूल गटात असेल तर गटाने रचना करतानाच खालची पातळी, हात, चाकांची वळणं हे धरून रचायचं. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी हलगी त्याच्या जवळ ठेवा, हात लावून ठेका कळतो, आणि ताल धरणारा डोळ्यांना दिसेल असा हात हलवेल.

बघायचं कसं

दर तासिकेची शेवटची पाच-सात मिनिटं अर्धा वर्ग करेल, अर्धा बघेल. "कसं वाटलं?" विचारलं की "छान" येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी असं विचारा: कोणती हालचाल परत परत आली? सगळे कुठे थांबले? तुझी नजर कुणाकडे गेली आणि का? जागा कुठली रिकामी राहिली? बघणाऱ्याने आधी जे दिसलं तेच सांगायचं, मग आवडनिवड. करणाऱ्या गटाला शेवटी एक प्रश्न विचारायचा हक्क, "आम्ही शेवटी मागे वळलो ते कळलं का?" असा. महिन्या-दोन महिन्यांत मुलं इतकं बारीक बघायला लागतात की शास्त्रीय नृत्याचा एखादा कार्यक्रम दाखवला तरी कंटाळत नाहीत.

नोंदी आणि गुण

पहिली ते आठवीला कला विषयाचं मूल्यमापन आकारिकच, म्हणजे वर्षभरातल्या नोंदींवरूनच असतं, त्यामुळे परीक्षेचा ताण घेऊ नका. एका तासिकेला पाच-सहाच मुलांकडे लक्ष ठेवायचं आणि एक ओळ लिहायची. "नृत्यात रस आहे" लिहिण्यात काही अर्थ नाही. "लय सुटली तरी स्वतःहून परत पकडते", "गटात दुसऱ्याची कल्पना वाढवतो", "खालच्या पातळीच्या हालचाली टाळतो, पुढच्या वेळी जोडीने देऊन बघायचं" अशी नोंद असली तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही उपयोग. लवचिकता आणि दिसणं यावर गुण अजिबात नाहीत.

ज्यांना पुढे जायचंय त्यांना रस्ता दाखवा: अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथक, भरतनाट्यमच्या परीक्षा प्रारंभिकपासून असतात, दहावीला शास्त्रीय नृत्य आणि लोककलेसाठी सवलतीचे गुण मिळतात, त्याच्या अटी त्या वर्षीच्या परिपत्रकात बघून घ्या. केंद्र सरकारचा कला उत्सव २०१५ पासून होतो, त्यात माध्यमिकच्या मुलांना नृत्यात भाग घेता येतो.

आणि गॅदरिंग आलंच तर

वर्षभर जे केलं त्यातलंच दाखवा. प्रत्येक गटाची एक-दीड मिनिटाची रचना, आधी त्या गटातलं एक मूल माईकवर येऊन आम्ही काय घेतलं आणि कुठे अडलो ते दोन वाक्यांत सांगेल, शेवटी सगळ्या वर्गाचा गोफ. सगळी मुलं स्टेजवर, मागची रांग नाही. स्टेज छोटं असेल तर मैदानात करा, पालक तीन बाजूंनी बसतील. ठेका मुलांचाच, हलगी आणि टाळ्या. व्हिडिओ काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा तर पालकांची परवानगी आधी लेखी घेऊन ठेवा. ड्रेसला पैसे गोळा करू नका, शाळेचा गणवेश आणि कमरेला दोन रंगांच्या ओढण्या पुरतात, गोफाच्या दोऱ्यांचेच रंग घेतले तर लांबून पण कोण कुठल्या दिशेने चाललंय ते पालकांना दिसतं.